बुटातली साखर

१

रविवारी सकाळी मंडळाच्या ऑफिसच्या पायरीवर मुंग्यांची रांग लागली होती, आणि ती सरळ एका बुटात चालली होती.

बूट पितळेचा, एकाच पायाचा. आदल्या दुपारी तो ऑफिसच्या कपाटातून नाहीसा झाला होता. आता कुणीतरी कापडी पिशवीत घालून अलगद आणून ठेवला होता, आणि आत मूठभर साखर होती. आमच्या मंडळाचा तरुण सेक्रेटरी गौरव, त्याने आमच्या घरी फोन केला. बाबाराव निघाले तशी मीही पायात चपला सरकवल्या. बाबाराव माझे यजमान. उभा जन्म फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी वाजवण्यात गेला, पण घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही. त्यांना चोर कुठून सापडणार होता?

भिलाईत आमच्यासारखी विदर्भातली माणसं कारखान्यामुळे आली आणि इथलीच झाली. गणपती आणि हळदीकुंकू सगळीच मंडळं करतात, आमच्या मंडळाला मात्र फुटबॉलचं वेड. दर थंडीत लीग असते, चरोदा, भिलाई-३, सगळीकडची पोरं खेळतात. मोसमात ज्याचे गोल सर्वांत जास्त, त्याला हा पितळी बूट वर्षभर घरी ठेवायला मिळतो. आमच्या जुन्या अध्यक्षांनी तो भंडाऱ्याच्या एका भांडेवाल्याकडून करून घेतला होता. आतून पोकळ, वरून तोंड चांगलं रुंद. गेलं वर्षभर तो हर्षलच्या घरी होता. यंदा जायचा होता राजदीपकडे, चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत. राजदीपचा हर्षलपेक्षा एकच गोल जास्त, पण जास्त तो जास्त.

आम्ही पोचलो तोवर दौलतराव आले होते. हर्षलचे वडील, कारखान्यातून रिटायर झालेले ऑफिसर आणि मंडळाचे अध्यक्ष. रिटायर झाले तरी माणूस अजून शिफ्टवरच असल्यासारखा बोलतो.

"पोरगा घाबरला अन् आणून ठेवला," ते म्हणाले. "पण चोरी ते चोरीच. संध्याकाळच्या बक्षीस समारंभात मी जाहीर करतो अन् तसाच ठाण्यात जातो."

राजदीपचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण कालपासून मंडळाच्या व्हॉट्सॲपवर दुसरं नाव नव्हतं. पोराची पुढच्या आठवड्यात रेल्वेत खेळाडूंच्या जागेसाठी ट्रायल होती. पोलिसांत नाव गेलं की चौकशीत ते निघणार आणि नोकरी गेली म्हणून समजा. बूट मग कुणाकडे जाणार? दुसऱ्या नंबरवाल्याकडे, म्हणजे परत दौलतरावांच्याच घरी. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला काय कळत नाही?

मला राग आला की हात गप्प बसत नाहीत. मी बूट उचलला, साखर वर्तमानपत्रावर ओतली, मुंग्या झटकल्या आणि आत डोकावले. पितळेचा बूट आतून पांढराशुभ्र चमकत होता.

२

कल्हई! आताच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. पितळेच्या भांड्यात आंबट काही ठेवलं की कळकतं, म्हणून आतून कथलाचा मुलामा देतात. आमच्या लहानपणी कल्हईवाला दारोदार यायचा. आता पॉवर हाउसच्या बाजारात एखादा म्हातारा बसतो, तोही शोधावा लागतो.

पण बुटाला कल्हई? त्यात कोण कढी करणार होतं?

गौरव म्हणाला की काकू, राजदीपने मस्करी केली असेल, साखर ठेवून 'मुँह मीठा करो' म्हणाला असेल. मी म्हटलं, मस्करी करणारा पोरगा कल्हईवाल्याकडे जाऊन बसतो का रे?

माझी सगळी नोकरी कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. उशिरा आलेल्याचं कारण ऐकायचं आणि खरं की खोटं ते ठरवायचं, हेच काम. तेव्हा शिकले एक गोष्ट. माणूस खोटं बोलताना जास्तीचं सांगतो, आणि ते जास्तीचं कुठेतरी दुसऱ्याच्या सांगण्याशी अडकतं. मी गौरवला खुर्चीवर बसवलं आणि कालचं सगळं विचारून घेतलं.

बूट शुक्रवारी संध्याकाळी मृणालने, म्हणजे दौलतरावांच्या बायकोने, टॉवेलात गुंडाळून आणला आणि स्वतःच्या हाताने कपाटात ठेवला. शनिवारी सकाळी राजदीप सर्टिफिकेटवरचं नाव तपासायला आला. त्याने बूट हातात घ्यायला मागितला, गौरवने दिला. गौरव चहाला खाली गेला, परत आला तेव्हा राजदीप निघून गेलेला आणि कपाट बंद. उघडून कोण बघतंय? गौरव दाराला कुलूप लावून घरी गेला. दुपारी बाबाराव फुलांच्या हारांचं बघायला आले, त्यांनी कपाट उघडलं आणि बूट नव्हता.

किल्ल्या तीन. एक गौरवकडे, एक आमच्याकडे, एक दौलतरावांकडे. आमची माझ्या कमरेला होती, दुपारी बाबारावांना काढून दिली तेवढीच.

गौरववर माझा संशय होता हे लपवत नाही. तो हर्षलच्याच टीममध्ये खेळतो, आणि राजदीपचा शेवटचा गोल ऑफसाइड होता म्हणून बाबारावांशी हमरीतुमरीवर आला होता. मी तसं तोंडावर विचारलं. तो लाल झाला आणि मोबाइल काढून माझ्यापुढे धरला.

"हे पहा काकू. पुरावा. ह्यानं स्वतःच ग्रुपवर टाकला होता."

फोटोत राजदीप बूट छातीशी धरून हसत होता. मी तो बोटांनी मोठा केला. बुटाच्या टोकाला चांगला खोल पोचा होता. मी समोरचा बूट फिरवून पाहिला. टोक गुळगुळीत होतं, पोचा गेला होता, आणि त्या जागी हातोडीच्या बारीक बारीक खुणा होत्या.

चोराने चोरलेली वस्तू दुरुस्त करून परत आणली होती.

३

चरोद्याला मी एकटीच गेले. बाबारावांना नेलं असतं तर ते पोराशी त्या ऑफसाइडवरच बोलत बसले असते. रिकाम्या हाताने कुणाच्या दारी कसं जायचं, म्हणून डब्यात शंकरपाळे घेतले होते. बुटातली साखर वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून पिशवीत टाकली होती, ती तशीच होती.

राजदीपची आई सुजाता रेल्वेत आहे, ती ड्यूटीवर होती. घरी आजी होती, रुक्माबाई. मी जयभीम म्हटलं, त्यांनीही म्हटलं, पण बसा म्हणायला त्यांना जरा वेळ लागला. बरोबरच आहे. कालपासून त्यांच्या नातवाला सगळं मंडळ चोर म्हणत होतं आणि मी त्याच मंडळाची.

राजदीप आत भिंतीला टेकून बसला होता. त्याचे फुटबॉलचे बूट धुऊन खिडकीत वाळत घातले होते. घरात मराठी, बाहेर हिंदी, तसं त्याचं बोलणं.

"काकू, मी वापस ठेवला ना," तो म्हणाला. "कपाट बंद केला. गौरव भैया चाय पीने गये थे, मी निघून आलो."

मी पोच्याचं विचारलं. तो लगेच सावरून बसला.

"तो पहिलेपासूनच होता! मी घाबरलो ना. लोग बोलेंगे इसने गिराया. म्हणून तर फोटो काढून ग्रुपमध्ये टाकला, की माझ्या हातात आला तेव्हाच असा होता."

म्हणजे ज्या फोटोला सगळे पुरावा म्हणत होते, तो पोराने स्वतःच्या बचावासाठी काढलेला. पोच्याकडे कुणी पाहिलंच नाही. एकाने पाहिलं, आणि त्याच दुपारी बूट गेला.

मग रुक्माबाई बोलल्या, आवाज न चढवता.

"बाई, त्याले तो भेटनारच होता. आज संध्याकाळी वाजतगाजत भेटनार होता. मंग काल सकाळी चोरून कावून नेईन तो? तुमच्या अध्यक्षाले एवढं इचारा."

मी म्हटलं, विचारते. लाज वाटली, खरंच वाटली. इतकी साधी गोष्ट, आणि मंडळातल्या एकाही शिकलेल्याच्या डोक्यात आली नव्हती. माझ्याही नाही.

निघताना रुक्माबाईंनी शंकरपाळे परातीत काढून घेतले, डबा धुतला, पुसला आणि झाकण लावून माझ्या हातात दिला. परतीच्या लोकलमध्ये डबा मांडीवर होता आणि आत काहीतरी खुळखुळत होतं. मी झाकण काढलं.

आत मूठभर साखर होती.

४

म्हणजे बूट ह्यांनीच नेला की काय, असं क्षणभर मनात आलं. मग भिलाईचं स्टेशन येईपर्यंत मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

अगं विजया, रिकामा डबा तू तरी कधी परत केलास का? शेजारणीची वाटी आली तर आपण धुऊन, त्यात चिमूटभर का होईना साखर घालून देतो. आईने शिकवलं, तिला तिच्या आईने. आपल्या सगळ्याच घरांतली रीत. विचार करावा लागत नाही, हात आपोआप साखरेच्या डब्याकडे जातो.

साखर म्हणजे मस्करी नव्हती. बूट नेला त्या बाईच्या मनात तो चोरलेला नव्हताच, मागून आणलेला होता, म्हणून तिने तो रिकामा परत केला नाही. बाईच ती. कुठल्या पुरुषाने आजवर वाटीत साखर घालून दिली आहे? कल्हईचंही उलगडलं. भांडेवाल्याने केलेली पितळेची पोकळ वस्तू एका गृहिणीने ठोकून द्या म्हणून पुढे ठेवली, की म्हातारा सवयीने आतून कल्हईही लावून देणार.

आता रुक्माबाई का नाहीत? त्यांच्याकडे किल्ली नव्हती, हे एक. दुसरं म्हणजे पोचा त्यांच्या घरी पडला नव्हता. जी वस्तू आपण मोडली नाही ती आपण चोरून कशाला दुरुस्त करू? दुरुस्त तोच करतो ज्याला मोडल्याची लाज वाटते. शनिवारी सकाळी पोचा होता, आणि शुक्रवारी संध्याकाळी बूट टॉवेलात गुंडाळून आला होता.

मी घरी न जाता रिक्षा सरळ रुआबांध्याला, दौलतरावांच्या घरी घेतली.

दौलतराव पोर्चमध्ये बसून तक्रारीचा अर्ज लिहीत होते. वहिनी, या म्हणाले. मी रुक्माबाईंचा प्रश्न त्यांना विचारला. ते म्हणाले की अशा पोरांच्या डोक्यात काय चालतं ते आपल्याला नाही कळायचं. अशा म्हणजे कशा, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिथेच भांडण झालं असतं आणि मला आत जायचं होतं.

दाराशी खिळ्यावर मंडळाची किल्ली लटकत होती. येता-जाता कुणीही काढावी. समोरच्या खोलीत शेल्फ रिकामं होतं आणि त्याखाली पायपुसणं पसरलेलं. दाराजवळ नाही, भर खोलीत. मी चालताना ते पायाने जरा सरकवलं. खाली फरशी फुटली होती.

हर्षल पलंगावर गुडघ्याला पट्टा बांधून बसला होता. शेवटच्या दोन मॅच तो खेळला नाही ते ह्या गुडघ्यामुळे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी सहज विचारलं, कसा पडलास रे? बाथरूममध्ये घसरलो काकू, म्हणाला. माझ्याकडे न बघता.

स्वयंपाकघरात मृणाल पोळ्या करत होती. मी म्हटलं, हर्षलचा पाय काही लवकर बरा होत नाही वाटतं.

"काय करता ताई," ती म्हणाली, "स्कूटरवरून पडला ना, टाइम तं लागतेच."

एकाच घरातली दोन माणसं एकाच रजेची दोन कारणं देतात तेव्हा दोन्ही खोटी असतात. टाइम ऑफिसात हे मी शंभरदा पाहिलं होतं. पण इथे पाहून मला बरं वाटलं नाही. मृणाल माझ्यापेक्षा लहान, लग्न होऊन आली तेव्हा तिला भिलाईचा बाजार मीच दाखवला होता. पॉवर हाउसचा कल्हईवालासुद्धा.

मी पिशवीतली वर्तमानपत्राची पुडी ओट्यावर ठेवली आणि उघडली.

"तुझी साखर परत आणली," मी म्हटलं.

तिचा हात लाटण्यावर थांबला. मग ती हळू आवाजात सगळं बोलली. ग्रुपवर फोटो आला आणि त्यात पोचा साफ दिसत होता. दुसऱ्या दिवशी स्टेजवर सगळे बघणार, विचारणार. खिळ्यावरची किल्ली घेतली, गौरव गेल्यावर बूट काढला, दुपारपर्यंत परत ठेवू म्हणून. म्हातारा म्हणाला उद्या सकाळी या. तेवढ्यात इकडे बोंब झाली आणि पोराचं नाव लागलं. रात्रभर डोळा लागला नाही, म्हणाली.

"मग सांगितलं कावून नाही?"

"हातून पडला असं सांगितलं असतं तं हे..." तिने पोर्चच्या दिशेने पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

मला तिची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "मृणाल, हातून पडलेल्या बुटानं फरशी फुटत नाही. अन् हर्षलचा गुडघा, तो कशानं फुटला?"

तिने गॅस बंद केला. तव्यावर पोळी तशीच होती.

"ताई," ती म्हणाली, "तेवढं नका इचारू."

५

मी विचारलं नाही. एवढंच सांगितलं की संध्याकाळपर्यंत तू बोललीस तर ठीक, नाहीतर मी बोलेन, कारण चरोद्यात एक पोरगा भिंतीला टेकून बसलाय आणि तुझ्या घराच्या अब्रूसाठी त्याची नोकरी मी जाऊ देणार नाही. ती रडली नाही. मान हलवली आणि परत गॅस पेटवला.

संध्याकाळी हॉल भरला. राजदीप आजीला घेऊन आला आणि शेवटच्या रांगेत बसला. त्याच्या शेजारच्या खुर्च्या कुणी घेतल्या नाहीत, मग मी बाबारावांना तिकडे ढकललं. हर्षल लंगडत आला आणि पुढे बसला. बूट टेबलावर होता.

दौलतराव माइकपाशी गेले, खिशातून अर्ज काढला, घसा खाकरला. मी उठणार, इतक्यात मृणाल उठली. भर सभेत ती कधी बोललेली मी पाहिली नव्हती. माइक घेतला नाही, जागेवरूनच बोलली.

"बूट मी नेला होता. माझ्या घरी त्याले पोचा पडला होता, तो नीट करायले नेला. राजदीपचं काही नाही त्याच्यात. त्याची माफी मागतो मी."

हॉलमध्ये एकदम कुजबुज सुरू झाली. मी हळूच मागे पाहिलं. रुक्माबाईंनी नातवाचा हात धरला होता. गौरव खाली मान घालून बसला होता. दौलतराव पळभर गांगरले, पण ऑफिसर माणूस, लगेच हसले.

"घ्या! बायकांचं हे असं. हातून पडला अन् घरच्यालेही सांगत नाहीत." अर्जाची घडी करून त्यांनी खिशात घातली. "चला, विषय संपला."

लोक हसायला लागले. विषय खरंच संपला असता. पोराचं नाव धुतलं गेलं होतं, मला हवं ते मिळालं होतं. मृणाल खाली बसत होती, आणि तिचं तोंड बघून मला वाटलं की हिला आयुष्यभर हेच हसू ऐकावं लागणार.

"हातून नाही पडला."

हर्षल उभा होता. खुर्चीच्या पाठीला धरून.

"पेनल्टी चुकलो म्हणून बाबांनी मले फेकून मारला. इथं लागला." त्याने गुडघ्यावर हात ठेवला. "मग फरशीवर पडला. आईच्या हातून नाही पडला."

कुणी हसलं नाही. दौलतराव अजून माइकसमोरच उभे होते, आणि माइकमधून त्यांचा श्वास सगळ्या हॉलला ऐकू येत होता.

हर्षलने टेबलावरचा बूट उचलला आणि दोन रांगांमधून लंगडत मागे निघाला. राजदीप अर्ध्या वाटेत सामोरा आला. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बाबाराव जवळ होते, ते नंतर म्हणाले, हर्षल एवढंच म्हणाला की तो गोल ऑफसाइड नव्हता, मी पाहिलाय. बाबारावांना ह्याचाच जास्त आनंद झाला. टाळ्या पहिल्यांदा गौरवने वाजवल्या. हर्षल मग पुढे परतला नाही, राजदीपच्याच रांगेत बसला.

रुक्माबाईंनी बूट मांडीवर घेतला, आत डोकावून पाहिलं, कल्हईवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या की काम बाकी चांगलं केलं हो म्हाताऱ्यानं.

दौलतराव स्टेजवरून उतरले आणि कुणाकडे न बघता दारापर्यंत गेले. तिथे थांबले. मागे न वळताच, घरी जसं म्हणत असतील तसं म्हणाले, "चल मृणाल."

मृणालने ऐकलं. तिने पिशवी उचलली, शेवटच्या रांगेत गेली, आपल्या पोराच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसली.